पुण्यतिथी आणि प्रस्तुत लेखक

महिन्याची पहिली तारीख नोकरदाराला पगाराची, दूधवाल्याला वसुलीची आणि गृहनिर्माण संस्थेच्या खजिनदाराला तगाद्याची म्हणून ठाऊक असते. परंतु कळव्याच्या पारसिकनगरातील आमच्या इमारतीत तिचे माहात्म्य आणखी एका कारणाने वाढलेले आहे. त्या दिवशी सकाळी, वर्तमानपत्र येऊन पडल्यानंतर आणि केरवाला येऊन जाण्यापूर्वी, प्रत्येक बिऱ्हाडाच्या दाराखालच्या फटीतून एक दुमडलेला फुलस्केप कागद आत सरकतो आणि तो सरकवणाऱ्या गृहस्थांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून संथपणे वरच्या मजल्याकडे जातो. लिफ्ट चालू असली तरी हे गृहस्थ जिन्यानेच जातात. लिफ्टमध्ये कोणी भेटल्यास कागद हातात द्यावा लागतो, आणि हातात दिलेला कागद लोक तिथल्या तिथे परत करू शकतात. दाराखालून गेलेला कागद परत करण्यास निदान दार उघडावे लागते.

या पत्रकाचे दोन भाग असतात. वरच्या भागाचा मथळा ‘चालू मासातील पुण्यस्मरणे’ असा असून त्यात त्या महिन्यात जन्मलेल्या अथवा दिवंगत झालेल्या सारस्वतांच्या तारखा क्रमवार दिलेल्या असतात. खालच्या भागाचा मथळा ‘साहित्यवार्ता’ असा व्यापक असला तरी तीतील साहित्यिक एकच असतो; तो म्हणजे या पत्रकाचे संपादक, लेखनिक, प्रकाशक व वितरक, आमचे तिसऱ्या मजल्यावरील शेजारी, ज्यांना सारी इमारत ‘लेखककाका’ म्हणते आणि जे स्वतःचा उल्लेख लेखी व तोंडी दोन्ही प्रकारे ‘प्रस्तुत लेखक’ असा करतात. “प्रस्तुत लेखकास आज जरा सर्दी आहे,” असे ते वाण्याकडे आलेपाक घेतानाही म्हणतात.

काकांची उभी हयात एका सरकारी कचेरीत गेली. बारनिशीच्या टेबलावर कामास लागून ते अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, आणि त्या दीर्घ सेवेचा ठसा त्यांच्या वाङ्मयदृष्टीवर कायमचा उमटून राहिला. जन्म ही आवक, मृत्यू ही जावक, आणि दोहोंच्या दरम्यान त्या इसमाने जे काही लिहून ठेवले असेल तो मजकूर, ही त्यांची वाङ्मयेतिहासाविषयीची मूळ धारणा आहे. तांबड्या कापडी बांधणीची एक जाडजूड नोंदवही त्यांनी सिद्ध केली असून तीत वर्षाच्या प्रत्येक दिवसास एक पृष्ठ आहे, प्रत्येक पृष्ठास चार रकाने आहेत, आणि चौथा, शेऱ्याचा, रकाना प्रस्तुत लेखकाच्या तत्संबंधी कार्यासाठी राखून ठेवलेला आहे. या वहीसाठी ते खाडीपलीकडच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसतात. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी १ जून १८९३ रोजी स्थापिलेल्या त्या संस्थेत आजवर अनेक विद्वान संशोधनार्थ आले असतील; परंतु केवळ कोण केव्हा गेले एवढेच पाहून समाधानाने घरी परतणारा अभ्यासक त्यांच्यात विरळाच.

आता, मोठ्यांच्या तारखांशी आपल्या वार्तेची सांगड घालणे हे वाटते तितके सोपे काम नव्हे. काकांनी ते ‘याच महिन्यात’ या दोन शब्दांवर भागवलेले आहे. ‘२३ जानेवारी : राम गणेश गडकरी यांची पुण्यतिथी (सावनेर, १९१९). याच महिन्यात प्रस्तुत लेखकाचे नळास येणाऱ्या गढूळ पाण्याविषयीचे पत्र एका दैनिकात प्रसिद्ध झाले.’ या दोन वाक्यांत कार्यकारणसंबंध नाही, हे काका मान्य करतात. परंतु तो आहे असे आपण कोठेही म्हटलेले नाही, हेही ते कायदेशीर अचूकतेने दाखवून देतात. वाचकाने गडकऱ्यांविषयी आदराने मस्तक लववावे आणि ते वर उचलण्यापूर्वी त्याच्या दृष्टीस गढूळ पाणी पडावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

जानेवारी हा काकांच्या मते फार महाग महिना आहे. ३ तारखेस सावित्रीबाई फुले यांची जयंती, ६ तारखेस बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढल्याचा दिवस, ११ तारखेस वि. स. खांडेकर, १९ तारखेस चिं. वि. जोशी आणि २३ तारखेस गडकरी. शिवाय १४ तारखेपासून शासनाचा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा. इतक्या थोरांची वर्णी लावता लावता कागद संपतो आणि ‘साहित्यवार्ता’ समासात जाते. उलट फेब्रुवारी हा सुटसुटीत. २७ तारखेचे कुसुमाग्रज सोडले तर संतकवी तेवढे उरतात, आणि संतांची गोष्ट निराळी आहे.

संत तारखेने चालत नाहीत, तिथीने चालतात. समर्थांची दासनवमी माघ वद्य नवमीस, तुकोबांची बीज फाल्गुन वद्य द्वितीयेस, माउलींची समाधी कार्तिक वद्य त्रयोदशीस. आणि या तिथ्या इंग्रजी महिन्यांच्या हद्दी बिनदिक्कत ओलांडून कधी अलीकडे तर कधी पलीकडे जाऊन बसतात. सबब संतांसाठी काकांच्या वहीत पृष्ठे नसून सुट्या चिठ्ठ्या आहेत, व त्या दरवर्षी नवे पंचांग आल्यावर एका पानातून काढून दुसऱ्या पानात बदलीवर पाठवण्यात येतात. बहिणाबाई चौधरींनी तर त्यांना दुहेरी पेचात टाकले आहे. १८८० सालच्या नागपंचमीचा त्यांचा जन्म असे सांगतात, आणि तारीख देतात ती २४ ऑगस्ट. काकांनी एकीकडे चिठ्ठी व दुसरीकडे नोंद असा तोडगा काढला आहे. मात्र दर तिसऱ्या वर्षाच्या सुमारास अधिकमास येतो आणि संतांच्या आघाडीवर सर्वत्र सामसूम होते, तेव्हा ती मोकळी झालेली जागा आपल्याकडे वर्ग करून घेण्यात काका क्षणाचाही विलंब लावत नाहीत. ज्या महिन्यात जावयांना अनारशांचे वाण मिळते, त्या महिन्यात साहित्यिकालाही थोडे काही मिळावे, असे त्यांचे म्हणणे आहे.

जून महिन्याचे मात्र काकांना भय वाटते. त्याचे कारण असे की प्रस्तुत लेखक विनोदी लेखक आहेत. निदान ‘साहित्यवार्ते’त तसे वारंवार नमूद असते. आणि मराठी विनोदाच्या दृष्टीने जून हा सरळ सरळ घातमास ठरलेला आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर गेले ते १ जून १९३४ रोजी, आचार्य अत्रे गेले ते १३ जून १९६९ रोजी, आणि पु. ल. देशपांडे गेले ते १२ जून २००० रोजी, जी त्यांच्या विवाहाचीही तारीख होती. त्यातही कोल्हटकरांचा जन्म २९ जूनचाच, म्हणजे त्यांची आवक आणि जावक एकाच महिन्यात जमा. अत्र्यांनी जन्मास येण्यासाठीही १३ हीच तारीख निवडली होती, फक्त महिना ऑगस्ट. या सर्व पुराव्याचा साकल्याने विचार करून काका जून महिन्यात विनोदी लेखन करीत नाहीत. त्या तीस दिवसांत ते वैचारिक लिहितात. त्या लेखनाने आम्हांला अधिक हसू येते ही गोष्ट अलाहिदा. ती कोणी त्यांच्या कानावर घातलेली नाही.

त्यातून काकांची स्वतःची जन्मतारीखही १ जूनच आहे. म्हणजे शाळेच्या दाखल्यावर आहे. त्यांच्या पिढीतील असंख्य मुले शाळेत नाव घालतेवेळी मास्तरांच्या सोयीसाठी १ जूनला जन्मली, तशीच हीही एक. घरच्या माणसांना आठवत असे ते इतकेच की पाऊस होता आणि म्हैस व्याली होती. परंतु सेवापुस्तकात जी तारीख ती खरी, हा सरकारी दंडक असल्याने १ जूनच्या पृष्ठावर कोल्हटकरांचे निधन, ग्रंथसंग्रहालयाची स्थापना आणि प्रस्तुत लेखकाचा जन्म अशा तीन नोंदी एकाखाली एक आहेत, आणि मराठी विनोदाचे दप्तर एका हातून दुसऱ्या हाती गेल्याची ही रीतसर पोच आहे असे ते, आवाज किंचित खाली आणून, सुचवतात.

ज्यांची जन्मतारीखच वादग्रस्त आहे अशा कवींविषयी काकांना विशेष ममत्व वाटते. केशवसुतांच्या बाबतीत काही अभ्यासक १५ मार्च १८६६ म्हणतात, तर काही ७ ऑक्टोबर १८६६. आम्ही एकदा विचारले की यातली खरी कोणती. काकांनी चष्मा पुसला आणि सांगितले की निर्णय देणे हे वरिष्ठांचे काम, कारकुनाने दोन्ही अर्ज दाखल करून घ्यावेत. तदनुसार आमच्या इमारतीत आधुनिक मराठी काव्याचे जनक वर्षातून दोनदा जन्मतात आणि ७ नोव्हेंबरला एकदाच दिवंगत होतात.

१ ऑगस्टचा प्रश्न याहून अवघड होता. १९२० साली त्या एकाच दिवशी मुंबईत लोकमान्य टिळकांचे देहावसान झाले आणि वाटेगावात अण्णाभाऊ साठे यांचा जन्म झाला; तेव्हा आधी कोणाची नोंद घ्यावी, असा पेच. वयोमानाने टिळक ज्येष्ठ. परंतु आवक ही जावकीच्या आधी येते, हा बारनिशीचा नियम. काकांनी वर्षाआड क्रम बदलण्याची तजवीज केली, आणि ती, माझ्या मते, आपल्याकडच्या कित्येक जाहीर समारंभांत दिसणाऱ्या तजविजींपेक्षा अधिक सभ्य आहे.

या १ ऑगस्टशीच काकांच्या कीर्तीचा कळस निगडित आहे. झाले असे की, इमारतीतील मुलांना शाळेत परिपाठाच्या वेळी दिनविशेष वाचून दाखवण्याची पाळी येते, आणि त्यासाठी पत्रकाचा वरचा भाग फार उपयोगी पडतो असे एका हुशार मुलीच्या ध्यानात आले. तिचे पाहून घरोघरी कात्र्या निघाल्या. पुण्यस्मरणे शाळेत जाऊ लागली आणि साहित्यवार्ता जिन्यात, गच्चीवर, सायकलींच्या चाकांखाली दिसू लागली. एका दुपारी काकांना स्वतःच्याच नावाची अशी एक पट्टी खालच्या कुंडीला टेकवलेली सापडली. ते काही बोलले नाहीत. मात्र पुढच्या महिन्याच्या पत्रकात दोन्ही भाग एकत्र करण्यात आले होते, आणि थोरांच्या व स्वतःच्या वार्ता तारखांच्या ओघात अशा काही बेमालूम मिसळल्या होत्या की कातरीला वाव उरू नये. ते पत्रक ऑगस्टचे होते. चौथीतल्या एका मुलाने १ तारखेस साऱ्या शाळेपुढे उभे राहून खणखणीत आवाजात वाचले : “आज लोकमान्य टिळक यांची पुण्यतिथी. आज अण्णाभाऊ साठे यांची जयंती. आज प्रस्तुत लेखक यांच्या ‘कढीपत्ता’ या ग्रंथाच्या द्वितीयावृत्तीची बांधणी पूर्ण.”

“प्रस्तुत लेखक कोण रे?” बाईंनी विचारले.

“आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात, बाई.”

“म्हणजे अजून आहेत?”

हा संवाद मुलाने घरी येऊन सांगितला आणि संध्याकाळपर्यंत तो काकांच्या कानी गेला. आम्हांला वाटले, त्यांना वाईट वाटेल. सप्टेंबरच्या पत्रकात पहिल्याच ओळीवर मजकूर होता : ‘प्रस्तुत लेखकाच्या ग्रंथाचा एका स्थानिक शिक्षणसंस्थेत विद्यार्थी व अध्यापक यांच्या भरगच्च उपस्थितीत गौरवपूर्ण उल्लेख.’

या ‘द्वितीयावृत्ती’विषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. ‘कढीपत्ता’ हा लघुनिबंधसंग्रह काकांनी पदरमोड करून छापला. त्याच्या निम्म्याअधिक प्रतींचे सुटे फॉर्म बाइंडरकडे पडून होते. त्यांस नवे मुखपृष्ठ चढवून बाहेर काढले की व्यवसायाच्या भाषेत ती दुसरी आवृत्ती होते, आणि असे करणारे काका पहिले नव्हेत व शेवटचेही नव्हेत. पहिल्या आवृत्तीच्या प्रती त्यांच्या दिवाणात आहेत. काकू त्या दिवाणावर झोपतात, आणि आपल्या पाठदुखीचे मूळ वाङ्मयीन असल्याचे पाहुण्यांना सांगतात.

एरवीच्या साहित्यवार्तेत छापून आलेल्या मजकुरापेक्षा न छापलेल्याचे प्रमाण अर्थातच अधिक असते, आणि त्याची वर्णने करताना काकांच्या भाषेला खरी झळाळी येते. लेख पाठवला की ‘संपादकांच्या विचाराधीन’. तीन महिने उत्तर आले नाही की ‘संपादकमंडळात या लेखावर दीर्घ विचारविनिमय सुरू असल्याचे दिसते’. साभार परत आला की ‘लेखाची मूळ प्रत लेखकाच्या संग्रही सुरक्षितपणे दाखल’. आणि खरोखरच कोठे छापून आला, तर मात्र पृष्ठ, रकाना, रकान्यातील जागा आणि शेजारची जाहिरात यांसह पंचनाम्याच्या तपशिलाने नोंद होते. एका कात्रणात त्यांच्या लेखाचा शेवटचा परिच्छेद मसाल्याच्या जाहिरातीने खाल्ला होता. काकांनी तो नोंदवहीत शाईने हातांनी लिहून पुरा केला आणि खाली ‘नक्कल बरहुकूम अस्सल’ असा शेरा मारून सही ठोकली.

कोणी म्हणेल, या माणसाने मोठ्या व्यासपीठावर का जाऊ नये? त्याचे उत्तर कळव्याच्या भूगोलात आहे. ठाण्याहून सुटलेली जलद गाडी कळव्याकडे ढुंकूनही न पाहता दिव्याकडे, डोंबिवलीकडे निघून जाते. येथे थांबते ती धीमी. संस्कृतीचेही वेळापत्रक याहून निराळे नाही. अखिल भारतीय साहित्य संमेलन ठाण्यास १९६० साली भरले, १९८८ साली वसंत कानेटकरांच्या अध्यक्षतेखाली भरले, २०१० साली उत्तम कांबळे यांच्या अध्यक्षतेखाली भरले. मग २०१७ साली डोंबिवलीस अक्षयकुमार काळे यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्याच्याही पलीकडे कल्याणला १८६४ सालापासून सार्वजनिक वाचनालय आहे. ठाण्यास तलावाकाठी १९७८ पासून गडकऱ्यांच्या नावाचे रंगायतन आहे. मधल्यामध्ये आम्ही. संमेलन ठाण्याहून डोंबिवलीस गेले तेव्हा तेही जलद गाडीनेच गेले असणार. १ मे १८५४ रोजी खाडी ओलांडून कल्याणपर्यंत आगगाडी धावू लागली, ही नोंद काका दरवर्षी महाराष्ट्र दिनाच्या वर घालतात. १८५४ हे १९६०च्या आधी येते, एवढेच त्याचे कारण ते देतात. पण खरे कारण असे असावे की त्या दिवशी निदान काहीतरी मोठे कळव्यावरून गेले.

काकांच्या कारकिर्दीतील सर्वांत बिकट साल २०१९ हे होय. सुधीर फडके, गदिमा आणि पु. ल. या तिघांनीही १९१९ साली, अनुक्रमे जुलै, ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांत, जन्म घेतलेला; आणि त्याच सालच्या जानेवारीत गडकरी गेलेले. शासनापासून सोसायटीच्या महिला मंडळापर्यंत जो तो शताब्दी साजरी करू लागला. पत्रक चार पानी झाले, झेरॉक्सचा खर्च वाढला, आणि साहित्यवार्तेस वर्षभर चार बोटे जागा मिळाली नाही. “या मंडळींनी एकाच साली येण्याचे काही प्रयोजन नव्हते,” असे काका त्या दिवाळीत म्हणाले, आणि त्यांच्या घरचा चिवडाही त्या वर्षी मला काहीसा खिन्न लागला. पुढच्या वर्षी महामारी आली. पत्रक तरीही दाराखालून येतच राहिले. लोकांनी ते चिमट्याने उचलले, त्यावर औषध फवारले, खिडकीत उन्हाला ठेवले आणि मग, घरात दुसरे काहीच करण्यासारखे नसल्याने, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचले. इतक्या काळजीने काकांचे लेखन पूर्वी कधी हाताळले गेले नव्हते. ते दिवस आठवले की त्यांचे डोळे पाणावतात, आणि त्याबद्दल आपणांस अपराध्यासारखे वाटते, असेही ते प्रामाणिकपणे सांगतात.

माझे मत विचाराल तर काकांच्या या उद्योगात हास्यास्पद असे फारसे काही नाही. पुण्यतिथीच्या व्यासपीठावर बसून दिवंगतांच्या आठवणी सांगता सांगता स्वतःच्या तीन पुस्तकांची नावे ऐकवणारे वक्ते मी रंगायतनापासून दत्तमंदिराच्या मंडपापर्यंत पुष्कळ ऐकले आहेत. त्यांच्यात आणि काकांत फरक इतकाच की काका वार्ता वेगळ्या मथळ्याखाली देत असत, आणि एकत्र केल्या त्या कातरीच्या जुलमाने. शिवाय आमच्या इमारतीतील मुलांना चिं. वि. जोशी कोण होते हे ठाऊक आहे. ते प्रस्तुत लेखकांच्या आधी होऊन गेले, अशी माहितीही त्यांना आहे.

म्हणून ठाणे जिल्ह्यातील, किंबहुना महाराष्ट्रातील, दिवाळी अंकांच्या संपादकांस माझी एक विनंती आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून या परंपरेने बरेवाईट पुष्कळ लेख पदरात घेतले आहेत, त्यांत काकांच्या एका लेखाची भर सहज खपून जाईल. ऑक्टोबर महिना जवळ येत आहे. १ तारखेस गदिमांची जयंती, ३ तारखेस मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचा दिवस, ७ तारखेस केशवसुतांचा दुसरा जन्म, १२ तारखेस शान्ता शेळक्यांची जयंती, २२ तारखेस ना. सी. फडक्यांची पुण्यतिथी; एवढ्या सर्वांखाली ‘याच महिन्यात’ असे लिहून पुढे कोरी जागा सोडण्याची पाळी त्यांच्यावर येऊ नये. लेख अडीच पानी आहे, विषय निरुपद्रवी आहे, अक्षर सुवाच्य आहे. मानधनाची अपेक्षा नाही. अंकाची एक प्रत मात्र पाठवावी, आणि लेख कितव्या पृष्ठावर आहे ते पाकिटावरच लिहावे.